सात नळ्यांची भिवरा

घाटात मोटार यायच्या आधीची ही गोष्ट, बैलगाडीचा रस्ता व्हायच्याही आधीची. तेव्हा कोकणातून वर यायला एकच पायवाट होती. ती दरीतून चढत चढत एका खिंडीत निघायची, आणि खिंडीपासून अर्ध्या कोसावर कळकवाडी नावाचं तीस घरांचं गाव होतं.

अर्धा कोस म्हणजे काही फार नव्हे. पण तो सगळा उघडा कातळ. मातीच नाही, तर त्यावर वाट उमटणार कुठून? डावीकडे कडा, उजवीकडे कडा, आणि मधून माणसानं अंदाजानं चालायचं. उघडीप असली की खिंडीतूनच गावच्या चुलींचा धूर दिसायचा. पण आषाढ लागला की धुकं यायचं, ते पार अश्विनापर्यंत. धुकं म्हणजे असं, की स्वतःचा हात स्वतःला दिसू नये. त्या धुक्यात दर वर्षी एखादं माणूस, एखादी म्हैस नाहीशी व्हायची. गाव म्हणायचं, कातळानं नेलं. कुणी शोधायला जायचं नाही. शोधणार कुठं?

त्या गावात भिवरा नावाची बुरडीण राहायची. तिचा नवरा रावजी आणि ती, दोघं मिळून सुपं, टोपल्या, रोवळ्या विणायची. घरामागं कळकाचं, म्हणजे जाड बांबूचं, मोठं बेट होतं आणि त्याच्या पुढं गावाच्या वेशीपर्यंत मेशीची, म्हणजे बारीक बांबूची, बेटं पसरलेली होती. लागेल तसा बांबू तोडायचा, हात पोचेल तिथून तोडायचा. त्यामुळं बेटांत उंच-ठेंगणे, जाड-बारीक असे किती तरी खुंट उभे राहिले होते. वरून उघडे, खालून पेरानं बंद.

एका भाद्रपदात रावजी सुपांची मोळी घेऊन कोकणात उतरला. चार दिवसांनी परत येणार होता. आठ झाले, दहा झाले. बाराव्या दिवशी भिवरा त्याला शोधायला कातळावर गेली. लोकांनी अडवलं, पण तिनं ऐकलं नाही. चार दिवस ती रोज जायची आणि रोज परत यायची. चौथ्या दिवशी धुक्यानं तिला भर दुपारी गाठलं.

ती चालली, थांबली, वळली. आपण कुठल्या तोंडानं आलो तेच तिला कळेना. मग ती खाली बसली. पाऊल टाकलं तर तेच शेवटचं असेल, हे तिला ठाऊक होतं.

किती वेळ बसली कोण जाणे. मग वारा उठला, आणि धुक्यातून एक आवाज आला. कुणीतरी तोंड मिटून हुंकार द्यावा तसा. त्याच्यामागून दुसरा, जरा जाड. त्याच्यामागून तिसरा, आणखी जाड. भिवराच्या अंगावर काटा आला. तिनं कान दिला आणि तिला उमगलं, की हे आपलेच खुंट आहेत. आपण आणि रावजीनं वीस वर्षांत तोडलेल्या बांबूंच्या खुंटांच्या तोंडावरून वारा वाहतो आहे. बारीक आवाज वेशीजवळच्या मेशीचा, आणि सगळ्यांत जाड आवाज घरामागच्या कळकाचा.

ती गुडघ्यांवर रांगत निघाली. आधी बारीक आवाज धरला. तो जवळ आला की त्याच्या पुढचा जाड. मग त्याच्याही पुढचा. रांगता रांगता तिचा हात तिच्याच घराच्या भिंतीला लागला. गुडघे सोलून निघाले होते. भिंतीला कपाळ टेकून ती तिथंच रडली. रावजी काही सापडला नाही, तो कधीच सापडला नाही. पण त्या दिवशी कातळानं नेलेलं माणूस पहिल्यांदा परत आलं, असं म्हणतात.

त्यानंतर भिवरानं पावा केला.

पावा म्हणजे आपली आडवी बासरी नव्हे. एकीपेक्षा एक आखूड होत जाणाऱ्या मेशीच्या सात नळ्या, शेजारी शेजारी ठेवून अंबाडीच्या दोऱ्यानं आवळलेल्या. खालचं तोंड पेरानं बंद, वरचं उघडं. खालच्या ओठाला टेकवायचा आणि नळीच्या तोंडावरून श्वास सोडायचा. बांबू ती दिवाळीनंतर, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायची, म्हणजे त्याला कीड लागत नाही. मग सहा महिने चुलीवरच्या धुरात टांगून ठेवायची. नळीचा आवाज किंचित उतरलेला वाटला तर आत मेणाचा थेंब सोडायची आणि तो जागेवर आणायची. लोक म्हणाले, नवऱ्याच्या दुःखानं बाई भ्रमली.  जो येईल त्याला ती एवढंच सांगायची, "बारीक आवाज म्हंजी कडा, जाड आवाज म्हंजी घर. जाडाकडं चालायचं."

पुढच्या पावसाळ्यात एक गुराखी सात म्हशींसकट धुक्यात अडकला. भिवरा वेशीवर उभी राहून पावा वाजवत राहिली. गुराखीही आला आणि सातही म्हशी आल्या. मग मात्र घराघरातून माणसं पावा मागायला येऊ लागली.

पण भिवराकडून पावा न्यायचा म्हणजे सोपं काम नव्हतं. तिच्या पडवीत आडव्या काठीला तीस-चाळीस पावे टांगलेले असायचे. काहींना लाखेच्या लाल पट्ट्या, काही लांब, काही आखूड, काही अगदी साधे. माणूस यायचा, डोळ्यांत भरेल त्याला हात घालायचा. भिवरा म्हणायची, "थांब. ही टोपली घे. दगडांनी भर. खिंडीखालच्या कुंडापर्यंत उतर आणि परत चढून ये. मग निवड."

माणूस जायचा. परत यायचा तेव्हा छातीचा भाता झालेला असायचा.  तेव्हा ती काठीवरचा एकेक पावा त्याच्या ओठाला लावायची आणि म्हणायची, "फुंकायचं न्हाई. हाय तेवढा श्वास सोड."

बहुतेक पाव्यांतून नुसती हवा सुसकारायची. चांगले देखणे, लाखेचे पावे मुके राहायचे. आणि मग एखादा, ज्याच्याकडे त्यानं पाहिलंही नव्हतं, त्या थकलेल्या श्वासावर आपसूक बोलायचा.

"ह्यो तुझा," भिवरा म्हणायची. "ज्या दिवशी पाव्याची गरज पडंल, त्या दिवशी तुझ्यापाशी एवढाच श्वास उरलेला असंल. ताज्या दमानं तर कुठलाही वाजतो."

त्यामुळं गावात कुणाचा पावा कुणाच्या पाव्यासारखा नव्हता. एकाची सगळ्यांत बारीक नळी दुसऱ्याच्या मधल्या नळीसारखी वाजायची. जितकी माणसं तितके श्वास, आणि जितके श्वास तितके पावे.

गावच्या पाटलाचं नाव हैबती. माणूस वाईट नव्हता, पण मोठा मानी. तोही एकदा भिवराच्या पडवीत आला. त्यानं सगळ्यांत लांब, लाखेनं मढवलेला पावा काढून घेतला. भिवरानं टोपली पुढं केली. पाटील हसला.

"भिवरे, गावच्या पाटलानं दगड वाहायचे?"

"नेताय तर न्या पाटील," ती म्हणाली. "भिंतीवर शोभंल."

पाटलानं तिला लुगडं पाठवलं आणि पावा खुंटीला टांगला. त्याची एकुलती एक लेक ठकू मात्र दुसऱ्याच दिवशी आली. तिनं टोपली भरली, कुंडावर उतरली, चढून आली आणि एक वीतभर, साधासा पावा घेऊन घरी गेली. पुढं तिचं लग्न झालं, ती खाली कोकणात सासरी गेली, तेव्हा तो पावा गळ्यात घालूनच गेली. गावच्या बऱ्याचशा लेकी अशाच कोकणात दिलेल्या होत्या. वर्षातून एकदा, गौरी यायच्या दिवशी, त्या सगळ्या जमून घाट चढायच्या आणि माहेरी यायच्या.

त्या वर्षी अठरा जणी निघाल्या होत्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या डोक्यावर नारळांचं गाठोडं. सकाळी घाटाच्या पायथ्याशी लख्ख ऊन होतं. दुपारी त्या खिंडीत पोचल्या आणि धुकं आलं. म्हातारी माणसं सांगायची, की तसलं धुकं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. गोठ्यातल्या गाईला पुढ्यातला चारा दिसेना. दुपारीच लोकांनी दिवे लावले, तर दिव्याचा उजेड वातीपासून हातभरसुद्धा सरकेना.

आणि त्या धुक्यातून पावे ऐकू येऊ लागले. लेकींचे पावे. आईबापांनी आवाजावरून आपापली लेक ओळखली. पण आवाज येत होते सगळीकडून.

सगळं गाव वेशीवर धावलं. तीस घरांचे तीस पावे एकदम वाजू लागले. ते आवाज कड्यांवर आपटले आणि परत आले. आता धुक्यात लेकींना कसं कळणार, खरा आवाज कुठला आणि कड्याचा कुठला? गावानं ऐकलं, की लेकींचे पावे सरकताहेत. काही डावीकडे, काही उजवीकडे. कड्यांच्या दिशेनं.

"गप ऱ्हावा," भिवरा म्हणाली. ती ओरडली नाही, पण सगळे थांबले. "एका जागचा आवाज कडा परत फेकतो. पोरींना आवाज न्हाई, वाट पायजे. बारकापासनं जाडापतूर, ओळीनं. आणि ती एकाच पाव्याची पायजे."

तिनं गळ्यातला स्वतःचा पावा काढला. सतरा वर्षं तो तिच्या गळ्यात होता, त्याचं लाकूड हातानं काळं झालं होतं. तिनं कमरेची सुरी घेतली आणि अंबाडीचा दोरा कापला. सात नळ्या तिच्या ओंजळीत सुट्या झाल्या.

मग तिनं माणसं निवडली. नेहमी माणसापुढं पावे धरायची, त्या दिवशी नळीपुढं माणसं धरली. धावून धावून सगळ्यांना धाप लागलेली होतीच. एकेकाच्या छातीजवळ ती कान न्यायची आणि त्याच्या हातात नळी द्यायची, नाहीतर पुढं सरकायची. अशा पाच जणांना पाच नळ्या दिल्या. सहाव्या नळीशी ती थांबली, ती हैबती पाटलासमोर. पाटलाच्या हातात तो लाखेचा लांब पावा होता. तो मघापासून फुंकत होता आणि पाव्यातून आवाज फुटत नव्हता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"ठकू हाय त्यांच्यात," तो म्हणाला.

"ठाव हाय. तो पावा टाका. ही नळी घ्या आणि माझा पदर धरा."

सात जण एकमेकांचं धोतर, पदर धरून कातळावर उतरले. पुढं भिवरा. रावजीला शोधायला ती सतरा वर्षं रोज त्या कातळावर गेली होती, तो तिच्या तळपायांना पाठ होता. हाकेच्या अंतरावर ती एकेकाला बसवत गेली. सगळ्यांत जाड नळी वेशीपाशी, त्याच्या पुढं त्याहून बारीक. प्रत्येकाला एकच सांगणं, "काय बी होवो, जागा सोडायची न्हाई." सहाव्या जागेवर पाटलाला बसवलं आणि सगळ्यांत बारीक, करंगळीएवढी नळी घेऊन ती स्वतः खिंडीकडे निघाली.

पाटलानं नळी ओठाला लावली आणि जीव खाऊन फुंकली. नुसती हवा. पुन्हा फुंकली. पुन्हा हवा. तेव्हा भिवरा धुक्यातून माघारी आली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बुरडीण आणि पाटील, एरवी अंगणात चार हात लांब उभं राहायची ती माणसं.

"फुंकू नका, पाटील. हाय तेवढा श्वास सोडा."

पाटलानं डोळे मिटले आणि श्वास सोडला. तो हुंदकाच होता. नळी वाजली.

मग धुक्यातून ती ओळ उभी राहिली. खिंडीत बारीक, त्यापुढं जरा जाड, त्यापुढं आणखी जाड, अशा सात नळ्या एकामागून एक, अर्ध्या कोसावर पसरलेल्या. जणू सगळा कातळच कुणीतरी ओठाला लावला होता. कड्यांनी ते आवाज परत फेकलेच नाहीत, ते गप्प राहिले, असं म्हणतात. लेकींचे भलतीकडे सरकणारे पावे थांबले. मग वळले. लहानपणापासून ऐकलेलं होतं त्यांनी, जाडाकडं चालायचं.

पहिली लेक पाटलापाशी पोचली तेव्हा त्याला ती दिसली नाही. त्यानं हातानं तिचं डोकं चाचपलं आणि मनात म्हटलं, एक. श्वास सोडायचा, डोकं चाचपायचं, मोजायचं. दहा झाल्या. चौदा झाल्या. सतरा झाल्या. प्रत्येक डोक्याला हात लावताना त्याला वाटायचं, ही असेल. ठकू नव्हती.

त्यानं खिंडीकडे हाक दिली, "भिवराबाई, एक ऱ्हायली."

"मी बघते," उत्तर आलं. "तुमी जागा सोडू नका."

आणि त्यानं ऐकलं, की ती सगळ्यांत बारीक नळी खिंडीतून हलली. डावीकडे गेली. आणखी डावीकडे गेली. डावीकडे कातळ किती आहे हे पाटलाला माहीत होतं. नळीचा आवाज त्याच्याही पलीकडून येऊ लागला. पाटील अर्धा उठला. मग पुन्हा बसला. त्याच्या जन्मातली ती सगळ्यांत अवघड गोष्ट होती, असं तो पुढं सांगायचा. उठून धावणं सोपं होतं. तो बसला आणि श्वास सोडत राहिला.

बऱ्याच वेळानं त्याच्या गुडघ्याला एक हात लागला. ठकू होती. छातीशी बांधलेलं पोर झोपलेलं होतं.

ठकूनं नंतर जे सांगितलं ते असं. ती सगळ्यांच्या मागं पडली होती आणि वाट चुकून एका दगडावर बसली होती. पायानं एक खडा सरकला, तो खाली गेला आणि पडल्याचा आवाजच आला नाही. तेव्हा तिला कळलं आपण कुठं आहोत. तिनं पोराला छातीशी धरलं आणि पावा वाजवला. मग ती बारीक नळी आली. मागून नव्हे, कातळाच्या बाजूनं नव्हे. समोरून आली, जिथं तो खडा पडला होता तिथून. एका हातानं तिचा हात धरला आणि तिला उठवून खिंडीतल्या दगडापर्यंत आणलं.

तिथं भिवरा म्हणाली, "आता बापाची नळी ऐक. दमलीय, पण सरळ हाय. चाल, बाय."

"आत्या, तुमी?"

"मागं अजून कोणतरी वाजवतंय," भिवरा म्हणाली. "त्याला घिऊन येते."

ठकूनं कान देऊन ऐकलं. मागं कुणीच वाजवत नव्हतं.

धुकं तीन दिवस राहिलं. तीन दिवस ती बारीक नळी खिंडीकडून ऐकू येत राहिली आणि तीन दिवस पाटील आपल्या जागेवरून उठला नाही. ठकू त्याला तिथंच भाकरी आणून द्यायची. चौथ्या दिवशी उघडीप झाली. लोक खिंडीत गेले. भिवरा नव्हती. दरीत दोर सोडून माणसं उतरली, तीन दिवस शोधत राहिली. लुगड्याची चिंधी नाही, नळी नाही, काही नाही.

नवव्या दिवशी पुन्हा धुकं दाटलं, आणि त्यातून मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन एक वंजारी गावात आला. पहिल्यांदाच या घाटानं आला होता. पाटलाच्या ओसरीवर पाणी पिऊन तो म्हणाला, "तुमच्या गावची ती बाई भली. खिंडीपासनं वेशीपतूर माझ्या संगं आली. नळी वाजवत. बोलली मातर काय न्हाई."

 पाटलानं विचारलं, "कुठल्या बाजूनं चालत होती?"

"डाव्या अंगानं. मी कातळावरनं, ती माझ्यापासनं दहा हात लांब."

वंजाऱ्याला कुणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर तो खिंडीकडे परत निघाला, तेव्हा ती बाई चालली होती त्या बाजूला त्यानं पाहिलं. ज्या वाटेनं तो आला होता, तिच्या डाव्या अंगाला दोन हातांवर कडा तुटत होता. तो तिथंच खाली बसला आणि त्यानं कातळाला डोकं टेकलं.

त्यानंतर कळकवाडीच्या कातळानं कुणाला नेलं नाही. माणसाला नाही, म्हशीला नाही.

आता घाटातून डांबरी रस्ता गेला आहे. खिंडीत एसटी थांबते. पण गौरी यायच्या दिवशी गावच्या लेकी गावापर्यंत गाडीनं येत नाहीत. मुंबईहून आलेली असो की कोल्हापूरहून, खिंडीत उतरते आणि कातळावरून चालते. पोरंबाळंही चालतात. गावात बुरडाच्या घरी आदल्या दिवाळीला तोडलेल्या मेशीचा एक पावा तयार असतो. त्याचा दोरा त्या सकाळी वेशीवर सगळ्यांसमोर कापतात. सहा नळ्या सहा माणसं घेतात. सहावी जागा पाटलाच्या घराण्याची. तिथं जो बसायचा असतो तो पहाटे दगडांची टोपली घेऊन कुंडावर उतरतो आणि चढून येतो. घराण्यात आता एक शिक्षिका आहे, दोन वर्षं तीच चढते.

सातवी, करंगळीएवढी नळी खिंडीतल्या दगडावर उभी ठेवतात. तिच्यापाशी कुणी बसत नाही. मग सगळे थांबतात. लेकी खिंडीत, सहा जण कातळावर, गाव वेशीवर. पोरांनासुद्धा गप्प बसवावं लागत नाही. एखाद्या वर्षी घटकाभर थांबावं लागतं, एका वर्षी ऊन कलेपर्यंत थांबले होते, पण घरी कुणी गेलं नाही.

मग कधीतरी ती नळी वाजते. वाजली, की सहाव्या जागेवरचं माणूस डोळे मिटून श्वास सोडतं, आणि लेकी घराकडे चालू लागतात.